सारखी

पाहुणे येतात, चहा येतो, ओळखी होतात. ही रमा, आमची मुलगी. आणि ही सुजाता, ‘हमारी बेटी जैसी है’. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ या सिनेमात हे ‘जैसी’ अगदी सहज येतं. रमाची आई चारू ते रागानं म्हणत नाही की टाकून म्हणत नाही. मायेनं म्हणते. म्हणून तर ते आत कुठंतरी लागतं. रागानं म्हटलेल्या शब्दाला उत्तर देता येतं. मायेनं काढलेल्या रेघेला काय उत्तर द्यायचं?

या ‘जैसी’ला मराठीत आपण ‘सारखी’ म्हणतो. मुलीसारखी. घरच्यासारखी. मी ज्या घरात वाढले तिथं हा शब्द रोज कानावर पडायचा, आणि त्याच्यात काहीतरी अडकलेलं आहे हे मला बाराव्या वर्षी, एका रविवारी संध्याकाळी, हा सिनेमा बघताना पहिल्यांदा जाणवलं.

साल १९८५ असावं. कराडचं आमचं जुनं घर. सोप्यात टीव्ही नुकताच आला होता, लाकडी शटरचा. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा आणि आळीतली दहा-पंधरा माणसं आमच्याकडं जमायची. थोरांना खुर्च्या, आम्हा पोरांना सतरंजी. आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याला टेकून, अर्धी आत अर्धी बाहेर, मावशी. मावशी म्हणजे आमच्याकडं धुणं-भांडी करायला येणारी बाई. आजी कुणालाही सांगायची, “ती आम्हाला अगदी घरच्यासारखी आहे हो.” खोटं नव्हतं ते. मावशीच्या पोराला टायफॉईड झाला तेव्हा आजीनं डॉक्टरांचे पैसे भरले होते. दिवाळीला लुगडं असायचं, तेही उरलंसुरलं नव्हे, दुकानातून निवडून आणलेलं.

पण मागच्या पडवीच्या भिंतीत एक कोनाडा होता, आणि त्या कोनाड्यात एक कप पालथा घातलेला असायचा. पांढरा, चिनीमातीचा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. तो मावशीचा कप. आई चहा घेऊन पडवीत यायची, मावशी कप पुढं धरायची, आई वरून चहा ओतायची. पिऊन झालं की मावशी तो विसळायची आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायची. घरातली यच्चयावत भांडी तीच घासायची. आजी त्या भांड्यांवर पाणी टाकून मग ती आत घ्यायची. यात काही वावगं आहे असं मला बारा वर्षं वाटलं नव्हतं, कारण कुणाच्या आवाजात कधी खोट नव्हती.

तर ‘सुजाता’. १९५९ सालचा सिनेमा, सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरचा. उपेन हा सरकारी इंजिनियर. त्याच्या हाताखालचा एक मजूर आणि त्याची बायको कॉलऱ्यात जातात आणि त्यांची तान्ही पोर मागं राहते. पोर अस्पृश्य जातीतली. तेवढ्यापुरती म्हणून ती उपेन आणि चारूच्या घरी येते. तिला दुसरीकडं ठेवायची खटपट होते, जमत नाही, आणि बघता बघता ती तिथंच वाढते. त्यांची स्वतःची रमा कॉलेजात जाते, बॅडमिंटन खेळते. सुजाता घर सांभाळते, बाग सांभाळते. तिला कुणी हिडीसफिडीस करत नाही. कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. बिमलदांनी अन्यायाची ठोकळेबाज चित्रं इथं ठेवलीच नाहीत. सगळं दुःख एका ‘जैसी’त भरून ठेवलं. माझ्या मते ही त्या सिनेमाची सगळ्यात मोठी कमाई आहे, कारण दुष्ट माणसांच्या गोष्टी बघताना आपण आपोआप चांगल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. इथं चांगली माणसंच समोर आहेत. मग आपण कुठं बसणार?

मग अधीर येतो. सुनील दत्त. रमासाठी म्हणून ठरवलेलं स्थळ, पण त्याचा जीव जडतो सुजातावर. त्याची आजी गिरीबाला, या घरची आत्याबाई, सोवळ्याओवळ्याची, कडक. चारूची ही एवढी माया ‘सारखी’पाशी येऊन का थांबते, याचं एक कारण तीही आहे. समाज म्हणजे कुणी परका नसतो. समाज म्हणजे घरी येणारी आत्याबाई.

इथं मला जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण मराठी माणसानं हा सिनेमा बघताना ती मनात ठेवायलाच हवी. कथा बंगाली, दिग्दर्शक बंगाली, संगीत सचिनदेव बर्मन यांचं, घर आणि नदी बंगालची. पण त्या घरातल्या चारही बायका आपल्या आहेत. चारू म्हणजे सुलोचनाबाई, बेळगाव जिल्ह्यातल्या खडकलाटच्या, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडलेल्या. सुजाता म्हणजे नूतन, शोभना समर्थांची लेक. रमा म्हणजे शशिकला, सोलापूरची. आणि गिरीबाला म्हणजे ललिता पवार, येवल्याच्या.

येवला म्हटलं की मला दुसरंच काही आठवतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला त्याच येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं होतं, की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्या गावात जन्मलेली बाई पुढं पडद्यावर शिवाशिव पाळणारी म्हातारी उभी करते आणि असं उभी करते, की आपल्या घरातलं कुणीतरी आठवावं. त्याच वर्षी ‘अनाडी’त त्याच ललिताबाई मिसेस डिसा होत्या, राज कपूरला पोटच्या पोरासारखं जपणाऱ्या, आणि नायिका तिथंही नूतनच. एकाच वर्षात एकीकडं ती माया आणि दुसरीकडं हा विटाळ. दोन्ही तितकंच खरं वाटतं.

शशिकलाचंही तसंच. नंतर पडद्यावर तिच्या वाट्याला कपटी बायकाच जास्त आल्या, त्यामुळं तिची रमा लोक विसरतात. पण या सिनेमात ‘जैसी’ची गरज न पडणारं कुणी असेल तर ती रमाच. तिला सुजाता ही बहीण आहे, विषय संपला. अधीर सुजातावर प्रेम करतो हे कळल्यावर ती बाजूला होते, आणि त्यात त्याग केल्याचा आवही नसतो. शशिकलानं सिनेमात येण्याआधी लोकांच्या घरी कामं केली होती. ज्या मुलीनं दुसऱ्यांच्या घरात भांडी घासली तिनं इथं घरची लाडकी लेक केली, आणि तीच एकटी त्या घरात रेघ मानत नाही. हे मी जेव्हा वाचलं तेव्हा रमाचं ते मोकळं हसणं मला वेगळं दिसायला लागलं.

पण सगळ्यात अवघड काम सुलोचनाबाईंचं होतं. त्यांचं वय तेव्हा तीस-एकतीस. रमा झालेली शशिकला त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान आणि नूतन आठ वर्षांनी. तरी त्या दोघींची आई म्हणून त्यांच्याबद्दल क्षणभरही शंका येत नाही. आपल्याकडं सुलोचना म्हणजे आईच. ‘मोलकरीण’ घ्या, ‘एकटी’ घ्या. पडद्यावर त्या आल्या की बायका पदर डोळ्यांना लावायच्या तयारीनंच बसायच्या. त्या चेहऱ्याकडून बिमलदांनी काय काढून घेतलं, तर थांबलेली आई. ‘नन्हीं कली सोने चली’ हे गीता दत्तनं गायलेलं अंगाईगीत सुलोचनाबाईंच्या तोंडी आहे. किती मऊ गाणं आहे ते. ते ऐकताना मला नेहमी वाटतं, आवाजाला रेघ आखता येत नाही. ज्या घरात दोन पोरी आहेत त्या घरात अंगाई एकीसाठीच कशी गाता येईल? चारूला हे कळतं, आणि कळूनही ती पुढं पाऊल टाकत नाही. सुलोचनाबाई ते अडणं दाखवतात. हात निघतो आणि मधेच थबकतो, नजर वळते आणि परत फिरते. या बाईला खलनायिका म्हणणं सोपं होतं. त्यांनी ते होऊ दिलं नाही, आणि म्हणून चारू माझ्या आईसारखी दिसते. माझ्या आजीसारखी दिसते.

नूतनबद्दल काय लिहू? फार लिहिलं गेलंय, आणि तरी कमीच. साध्या सुती साड्या, एक वेणी, रंग मुद्दाम सावळा केलेला. संवाद तर इतके थोडे, की अख्ख्या सिनेमात ती बोलते किती आणि ऐकते किती याचा हिशेब मांडावासा वाटतो. सुजाता ऐकणारी मुलगी आहे. आयुष्यभर दाराआडून ऐकत आलेली. आपण कोण हे तिला मोठी झाल्यावर कळतं, आणि त्या रात्री पावसात ती जीव द्यायला नदीकाठी जाते, गांधीजींचं स्मारक असलेल्या घाटावर. तिथूनच ती परत फिरते. पण त्याआधीची ती आठवते? आभाळ भरून आलंय, ‘काली घटा छाए मोरा जिया तरसाए’, आशाबाईंचा आवाज, आणि घरात, बागेत एकटीच भिरभिरणारी नूतन. कुणी बघत नसताना तिच्या चेहऱ्यावर काय काय येतं! ती पोर मोकळी होते ती कुणी नसतानाच. कुणी आलं की पुन्हा ‘जैसी’.

आणि मग ते फोनचं गाणं. ‘जलते हैं जिसके लिए’. मजरूह यांचे शब्द, तलत महमूदचा तो थरथरता रेशमी गळा. अधीर फोनवर गातोय. पलीकडं सुजाता रिसीव्हर कानाला लावून उभी आहे. हिंदी सिनेमात प्रेमाचं गाणं म्हणजे बागा, झाडं, एकमेकांभोवती फिरणं. इथं दोन माणसं दोन घरांत आहेत आणि मधे एक तार. कमल बोस यांचा कॅमेरा तिच्या चेहऱ्यापासून फार लांब जात नाही. ती एक शब्द बोलत नाही. डोळे भरून येतात, ओठ किंचित हलतात, पुन्हा मिटतात. आनंद आहे की भीती, सांगता येत नाही. कारण तिच्यासाठी ते दोन्ही एकच झालंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘सारखी’ न म्हणता थेट तिच्याशी बोलतंय, तिच्यासाठी गातंय. आणि तिला त्याला सांगायचंय की बाबा रे, मी कोण आहे हे तुला माहीत नाही. त्या काळ्या जाडजूड रिसीव्हरवरची तिची बोटं बघा पुन्हा कधी सिनेमा लावलात तर. माणूस बुडताना काठ धरतो तशी धरलेली.

त्या रविवारी हे गाणं लागलं तेव्हा आमच्या सोप्यात कुणी हूं की चूं केलं नाही. मी मागं वळून बघितलं तर मावशी उंबऱ्यावरून थोडी आत सरकली होती. हनुवटी गुडघ्यांवर, दोन्ही हातांचा विळखा. डोळे पडद्यावर.

पुढची गोष्ट माहीत असेल. अधीर रमाला नकार देतो, चारूला सगळं कळतं, तिचा राग सुजातावर निघतो आणि त्याच भरात ती जिन्यावरून पडते. रक्त लागणार असतं. घरातल्या कुणाचंच जुळत नाही. जुळतं सुजाताचं. शुद्धीवर आल्यावर चारूला कळतं की आपल्या अंगात कुणाचं रक्त वाहतंय, आणि मग ती सुजाताला जवळ घेते. आता ‘जैसी’ नाही. आता बेटी.

सोप्यात सगळ्यांचे डोळे ओले. आईनं पदर तोंडाला लावलेला. आणि मागून, उंबऱ्यावरून, मावशीचा आवाज आला. चढा नव्हता, कुणाला उद्देशूनही नव्हता. खरंच प्रश्न पडला म्हणून विचारलेला.

“रगात दिल्याव लेक झाली व्हय?”

कुणी उत्तर दिलं नाही. आजी दिवा लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत अभ्यासाला बसले होते. आई चहा घेऊन आली. तिच्या हातात आमच्यातलाच एक स्टीलचा पेला होता, चहा भरलेला. तिनं तो मावशीपुढं धरला. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मावशी हलक्या आवाजात म्हणाली, “ऱ्हाऊ द्या वैनी. म्हातारीनं बघितलं तर तुमालाच बोलंल.” आणि उठून कोनाड्यातला कप घेऊन आली. आईनं पेल्यातला चहा त्या कपात ओतला. त्या दिवशी मात्र वरून नाही ओतला. पेल्याची कड कपाला टेकवून ओतला, सावकाश. त्याचा बारीक आवाज झाला, तो माझ्या कानात आहे.

मावशीचा प्रश्न मी पुढं पुष्कळ वर्षं वागवला. कॉलेजात असताना आंबेडकर वाचायला लागले तेव्हा कळलं की तो प्रश्न किती मोठा आहे. ‘सुजाता’ आला तो १९५९ मध्ये. अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या कलमानं संपवली होती, त्यासाठीचा कायदा १९५५ मध्ये झाला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या मैदानावर लाखो माणसांनी ‘आम्हाला जवळ घ्या’ असं न म्हणता सरळ उठून दुसरी वाट धरली होती. म्हणजे आपल्याकडं तीन वर्षांपूर्वीच एक समाज ताठ उभा राहिला होता. आणि पडद्यावरची सुजाता मात्र वाट बघतेय, की कधी आपल्याला आपलं म्हणतील. तिला राग येत नाही. ती मागत नाही. ती सोसते, आणि सोसण्याच्या शेवटी स्वतःच्या अंगातलं रक्त देते, तेव्हा तिला आई मिळते. रक्ताला जात नसते हे दाखवायला बिमलदांना तो प्रसंग हवा होता, हे मला कळतं. पण रमाला लेक व्हायला काही द्यावं लागलं नव्हतं. ती नुसती जन्मली. समान असल्याचा पुरावा नेहमी एकाच बाजूनं का द्यायचा, हेच मावशीनं सहा शब्दांच्या आत विचारलं होतं.

हे सगळं मान्य करूनही मी हा सिनेमा टाकून देऊ शकत नाही, आणि त्याला कारणं आहेत. १९३६ च्या ‘अछूत कन्या’तल्या कस्तुरीला शेवटी मरावं लागलं होतं. तेवीस वर्षांनी बिमलदांनी त्यांच्या नायिकेला मरू दिलं नाही. तिला नदीकाठावरून परत आणलं, जगवलं, अधीरशी तिचं लग्न लावलं. शिवाय त्यांनी सिनेमात टागोरांची ‘चंडालिका’ आणली. बुद्धाचा शिष्य आनंद एका चांडाळकन्येकडं पाणी मागतो, ती म्हणते मी अस्पृश्य, तो म्हणतो, जो माणूस मी तोच माणूस तू. पाणी मागायचं, पाणी द्यायचं, एवढीच गोष्ट. ज्यांना १९२७ चं महाडचं चवदार तळं ठाऊक आहे त्यांच्या अंगावर तिथं काटा येतो. आणि सुजाता हे नावच बघा. बोधगयेच्या वाटेवर उपाशी, खंगलेल्या सिद्धार्थाला खीर देणारी ती सुजाता. शब्दाचा अर्थ, चांगल्या कुळात जन्मलेली. आपल्याकडच्या कितीतरी बौद्ध घरांत मुलींचं हे नाव असतं, आणि ते ठेवताना कुणाच्या मनात ‘सारखी’ नसतं. ते नाव बिमलदांच्या सिनेमाच्याही पुढं निघून गेलं, हे मला फार आवडतं.

एस. डी. बर्मन यांच्या स्वतःच्या आवाजातलं ‘सुन मेरे बंधु रे’ मी अजूनही रात्री उशिरा ऐकते. पडद्यावर नावाडी गातो आणि नदीकाठी अधीर आणि सुजाता ते ऐकत बसलेले असतात. त्या गाण्यात कुणी कुणाला काही पटवून देत नाही. नदी वाहतेय एवढंच.

आजी १९९१ साली गेली. त्याच्या आधीच मावशींचा मुलगा नोकरीला लागला होता आणि तो त्यांना घेऊन गेला. घर विकलं तेव्हा मी कोनाड्यात हात घालून बघितला. कप नव्हता. त्यांनी जाताना नेला की कुणी टाकला, कुणालाच सांगता आलं नाही.

४ जून २०२३ ला सुलोचनाबाई गेल्या. रविवार होता. नूतनचा वाढदिवस ४ जूनचा, हे माझ्या ध्यानात बातमी वाचता वाचता आलं, आणि मी बराच वेळ मोबाईल हातात घेऊन नुसती बसून राहिले. मग ‘सुजाता’ लावला. आता डोळे चारूवर होते. शेवटाला, जिथं ती सुजाताला जवळ घेते तिथं, त्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा लाज जास्त आहे. बारा वर्षांची असताना ते मला दिसलं नव्हतं. इतकी वर्षं अडवून ठेवलेल्या हाताची लाज.

सिनेमा संपला तशी मी आईला फोन केला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे, भावाकडं असते. सुलोचनाबाईंची बातमी तिनं टीव्हीवर बघितली होती.

“‘सुजाता’ बघितला आत्ता,” मी म्हटलं.

“आपल्या घरी लागला होता तो.” मग जरा थांबून म्हणाली, “मावशींनी काय विचारलं होतं, आठवतंय तुला?”

“आठवतंय.”

“मी काहीच बोलले नाही गं तेव्हा.”

तिकडं भावाच्या घरात पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता. आईनं फोन ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही.